चौदाव्या खांबाशी ठेवलेलं प्रस्थान

कासारपठार विमानतळाच्या निरोप-दालनात त्या शुक्रवारी सकाळी आठ वाजता सतरा माणसं एका मुलीला पोचवायला आली होती. मुलगी शिकायला परदेशी चालली होती, आणि ती सोडून बाकी सगळे बोलत होते. काकूंनी डब्यातलं दही-साखर काढून तिच्या हातावर ठेवलं. मामांनी तिची मोठी बॅग ताब्यात घेतली, मामांची पिशवी आत्याकडे गेली आणि आत्याची पर्स कुणाच्या तरी सुनेच्या खांद्याला लागली. पाच मिनिटांत कुणाचं काय कुणाकडे आहे हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. छतावरच्या यंत्राला मात्र ते नेमकं ठाऊक होतं.

शलाका उंडाळे दालनाच्या कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत बसून हे सगळं पडद्यावर बघत होती. दालनात आलेल्या प्रत्येक वस्तूपासून ती आणणाऱ्या माणसापर्यंत पडद्यावर एक हिरवा धागा दिसे. वस्तू हातोहात फिरल्या की धागे एकमेकांत गुंतत, पण तुटत नसत. माणूस वस्तू सोडून निघून गेला, तरच धागा लाल होई.

या यंत्राला हेतुमापक म्हणत. नुसतं अंतर मोजणारी यंत्रं पूर्वीही होती. हेतुमापक माणसाची चाल बघे, खांदे बघे, आणि चेहऱ्याच्या रंगात क्षणाक्षणाला होणाऱ्या बारीक फरकावरून नाडीचे ठोके मोजे. एवढ्यावरून हा माणूस पिशवी विसरला आहे, राखायला देऊन गेला आहे की मुद्दाम टाकून चालला आहे, याचा तो अंदाज बांधत असे.

हे यंत्र आलं म्हणूनच हे दालन उघडता आलं होतं. विमानतळांची सगळ्यात कच्ची जागा तपासणीच्या पलीकडे नसते, अलीकडे असते, हे सुरक्षेच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. ज्याला घात करायचा आहे त्याला तपासणी पार करायची गरजच काय? रांग बाहेरच उभी असते. म्हणून कित्येक वर्षं पोचवायला आलेल्यांना उन्हातान्हात रस्त्यावरच अडवत, आणि गर्दी तिथे होई. कासारपठारने दोन वर्षांपूर्वी तिकीट नसलेल्यांनाही आत घ्यायला सुरुवात केली, ती हेतुमापकाच्या भरवशावर.

पहिल्या महिन्यात मात्र सगळ्यांच्या नाकी नऊ आले. दिवसाला यंत्राच्या धोक्याच्या चारशे खोट्या हाका येत. कुणी छत्री विसरे, कुणी पाण्याची बाटली. अकरा वेळा अख्खं दालन रिकामं करावं लागलं. तेव्हा शलाकाने तोड काढली. प्रत्येक पहारेकऱ्याच्या हातात एक इलेक्ट्रॉनिक पाटी दिली आणि पाटीवर दोनच बटणं ठेवली, ‘निर्धोक’ आणि ‘धोका’. यंत्राने हाक दिली की पहारेकऱ्याने जायचं, वस्तू बघायची आणि बटण दाबायचं. त्यावरून यंत्राने शिकत जायचं. ‘सांगता येत नाही’ असं तिसरं बटण असावं, असं बैठकीत कुणीतरी सुचवलं होतं. मग सगळे तेच दाबत बसतील, असं म्हणून शलाकाने ते उडवून लावलं होतं. दोन वर्षांत चारशेच्या तीन झाल्या, आणि शलाका मुख्य तपासनीस झाली.

आज द्वैवार्षिक तपासणीचा शेवटचा दिवस होता. तिच्या माणसांनी तीन दिवसांत तेवीस पिशव्या वेगवेगळ्या युक्त्या करून दालनात सोडल्या होत्या. तेवीसच्या तेवीस पकडल्या गेल्या. सगळ्यात उशिरा सापडलेलीला चाळीस सेकंद लागले होते. तपासणीच्या दाखल्यावर सही करायची तेवढी राहिली होती. बसून बसून पाय आखडले, म्हणून शलाका उठली आणि दालनात एक फेरी मारायला निघाली.

चौदाव्या खांबाजवळ फरशी पुसणारी गाडी चालली होती. खांबाशी आल्यावर गाडीने छान वळसा घेतला आणि ती पुढे गेली. शलाका थबकली. खांबाच्या पायाशी, कुंडीच्या आडोशाला, लाल खणात बांधलेलं एक बोचकं होतं. वर झेंडूचं एक फूल होतं, वाळलेलं.

पलीकडे दस्तगीर मुल्लाणी उभा होता. दालन उघडलं त्या दिवसापासूनचा हा पहारेकरी, त्याआधी पंधरा वर्षं एसटीच्या डेपोत होता.

“हे कुणाचं, दस्तगीरभाई?”

“कुनीतरी ठेवल्यालं हाय, मॅडम.”

“कधीपासून?”

“परवापासनं आसंल. बुधवारी सकाळच्या पाळीला दिसलं मला.”

“परवापासून? आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?”

दस्तगीर गोंधळला. “यंत्र गप हुतं की. ते वरडलं आसतं तर गेलो आसतो. ते गप, म्हनून आमीबी गप.”

तिने हातातल्या पाटीवर दालनाचा नकाशा उघडला. चौदाव्या खांबाशी धागा नव्हताच, हिरवाही नाही नि लालही नाही. बोचकं करड्या रंगात दिसत होतं. करडा रंग खांब, बाकं आणि कुंड्या यांना देत असत. यंत्राने ते बोचकं इमारतीत जमा करून टाकलं होतं.

पुढे जे झालं ते नियमाप्रमाणे झालं. शलाकाने स्वतः भोंगा दिला. सतरा माणसं आणि त्यांची मुलगी, दही-साखरेचा डबा तसाच उघडा टाकून, इतर सहाशे जणांबरोबर बाहेर धावली. बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाने लोखंडी हातांनी बोचकं उघडलं. आत हळद लावलेले तांदूळ, एक सुपारी, कुंकवाची पुडी, घडी घातलेलं नऊवारी आणि लोकरीचं पिवळं टोपडं निघालं. टोपडं फार लहान होतं, नुकत्या जन्मलेल्या बाळाचं असतं तेवढं.

पस्तीस मिनिटांनी दालन पुन्हा उघडलं. शलाका काचेच्या खोलीत जाऊन बुधवारचं चित्रण बघू लागली. तिचा सहकारी वीरेश होनराव शेजारी उभा होता.

बुधवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सत्तरीच्या एक बाई दालनात आल्या. त्यांनी इकडेतिकडे बघून खांब निवडला. बोचकं ठेवलं, वर फूल ठेवलं आणि हात जोडले. त्यांचे ओठ हलले. मग तीन पावलं मागे जाऊन त्या वळल्या आणि शांतपणे निघून गेल्या. पडद्याच्या कडेला यंत्राची नोंद होती : ‘वर्ग ६१. निर्धोक. खात्री ९९.७.’

“वर्ग एकसष्ट काय आहे?” वीरेशने विचारलं.

शलाकालाही ते माहीत नव्हतं. यंत्र आपले वर्ग आपणच पाडत असे. तिने त्या वर्गातल्या जुन्या नोंदी एकामागून एक उघडल्या. कुणी विमानाला नारळ अर्पण केल्यासारखा दारापाशी ठेवलेला. कुणी देवळातला हार कुंडीवर वाहिलेला. एका माणसाने परदेशात वारलेल्या भावाच्या चपला, तो शेवटचा जिथे उभा होता तिथे आणून ठेवलेल्या. अशा अकराशे वेळा यंत्राने हाक दिली होती, अकराशे वेळा पहारेकरी गेला होता आणि अकराशे वेळा त्याने ‘निर्धोक’ दाबलं होतं. त्यात चूक काहीच नव्हती. यंत्र पहारेकऱ्यांकडे बघून शिकलं, आणि यंत्र शिकलं म्हणून पहारेकऱ्यांनी बघायचं सोडलं. खाली ठेवून मनोभावे हात जोडलेली वस्तू ही वस्तूच नसते, असा यंत्राने समज करून घेतला होता.

“म्हणजे हात जोडले की झालं?” वीरेश म्हणाला. “थांबा, बघतोच.”

तो एक पिशवी घेऊन दालनात गेला, खांबाशी ठेवली, हात जोडले आणि निघाला. बावीस सेकंदांत धागा लाल झाला. त्याने आणखी दोनदा करून बघितलं, एकदा तर डोळे मिटून. दोन्ही वेळा सापडला. हसत हसत परत आला.

“यंत्र फसत नाही, मॅडम. माझ्या मनात काही नाही हे त्याला नाडीवरून कळतं. खोटा नमस्कार चालत नाही. मग हा दोष कसला? कौतुकच करायला पाहिजे.”

शलाकाने पडद्यावरची नोंद पुन्हा एकदा उघडली. मग म्हणाली, “खोटा नमस्कार चालत नाही, हे खरं. पण वीरेश, ज्याचा नमस्कार खरा आहे त्याच्या पिशवीत काय आहे, हे यंत्र बघतच नाहीये.”

वीरेशचं हसू मावळलं.

साडेअकराला दस्तगीर एका बाईंना घेऊन आला. चित्रणातल्याच त्या. नाव माणिकताई खटावकर. म्हसवडला तीस वर्षं बालवाडी चालवलेल्या. दुपारी तीनच्या विमानाने त्या नॉर्वेला लेकीकडे निघाल्या होत्या. त्या आल्या त्या थेट चौदाव्या खांबाशी गेल्या आणि रिकामी जागा बघून घाबऱ्याघुबऱ्या विचारत सुटल्या, म्हणून दस्तगीरने त्यांना इकडे आणलं होतं.

“माझं प्रस्थान तुम्ही उचललंत का हो?” त्यांनी आल्या आल्या विचारलं.

“प्रस्थान?” वीरेशला शब्द नवा होता.

“अहो, आज शुक्रवार. पश्चिमेला दिशाशूळ, तिकडे आज निघायचं नसतं. पण विमान काय पंचांग बघून उडतंय? मग चांगल्या दिवशी आपलं थोडं सामान घराबाहेर नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण त्या दिवशीच निघालो असं होतं. माझ्या सासूबाई वेशीजवळच्या शिंप्याकडे ठेवायच्या. इथं मी कुणाच्या घरी ठेवणार? म्हटलं, ही जागा सगळ्यांचीच आहे, धर्मशाळेसारखी. बुधवारी एसटीनं येऊन ठेवून गेले. कुणी काही बोललं नाही.”

कुणी काही बोललं नव्हतं, हे खरंच होतं.

शलाकाने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. बोलता बोलता कळलं ते असं : लेक तिथे एकटी होती. जावई वर्षापूर्वी सोडून गेला होता. बाळंतपणाला बारा दिवस राहिले होते आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. आईशिवाय तिला कुणी नव्हतं.

आणि नियम असा होता, की दालनात दहा मिनिटांहून जास्त वेळ सामान सोडून जाणाऱ्याचं नाव रोखयादीत जाई. रोखयादीतल्या माणसाला सहा महिने देशातल्या कुठल्याही विमानात चढता येत नसे. माणिकताईंचं बोचकं पंचेचाळीस तास चाळीस मिनिटं पडून होतं. सुटका एकाच वाटेने होती. तपासनिसाने त्या घटनेवर ‘निर्धोक’ दाबलं, तर ती घटना घडलीच नाही असं मानलं जाई. माणिकताई तीनच्या विमानात बसल्या असत्या.

पण ते बटण यंत्रही वाचणार होतं. साध्या पहारेकऱ्याच्या हजार बटणांइतकं वजन तपासनिसाच्या एका बटणाला होतं. शलाकाने ‘निर्धोक’ दाबलं असतं, तर वर्ग एकसष्टवर निर्धोकपणाची कायमची मोहोर उठली असती. भोंगा झाल्यापासून चार तासांत बटण दाबलं नाही, तर दालनाचा परवानाच थांबणार होता.

तिने मुख्यालयात आपल्या वरिष्ठ राजाध्यक्ष मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. “बाईंना सोडायचं आणि यंत्राला मात्र सावध करायचं, असं काही करता येईल का?”

“दोनच बटणं आहेत, शलाका. तुम्हीच ठेवलीत. तिसऱ्याला नवी रचना करावी लागेल, सहा-आठ महिने जातील. आज जे काय असेल ते त्या दोनांतलं.”

फोन ठेवून शलाका माणिकताईंसमोर येऊन बसली. लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिने त्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. माणिकताई लक्ष देऊन ऐकत होत्या. बालवाडीतल्या पोरांची लांबण त्यांनी आयुष्यभर ऐकली असावी.

“म्हणजे माझ्या मनात काही वाईट नव्हतं, हे तुमच्या यंत्राला कळलं होतं?”

“हो, मावशी.”

“मग तुम्हाला का कळत नाही?”

“कळतंय. शंकाच नाही. पण उद्या कुणी तुमच्यासारखंच मनापासून काही भलतं आणून ठेवलं तर?”

“काहीतरीच काय! वाईट करणारा कशाला हात जोडेल?”

“आपण वाईट करतोय असं वाटणारा नाही जोडणार. तो घाबरेल, घामेजेल, सापडेल. पण आपण फार मोठं पुण्याचं काम करतोय असं ज्याला वाटतं, तो तुमच्याइतकाच शांत असतो. आणि असे असतात, मावशी. आमच्याकडे त्यांची यादी आहे.”

माणिकताईंनी हातातला पेला खाली ठेवला. “मग माझ्या लेकीनं काय करायचं?”

शलाकाला आतून लाज वाटली. आपण बरोबर आहोत याची खात्री असूनही वाटली, आणि त्या खात्रीने ती कमी झाली नाही. दालनात त्या वेळी आठशे माणसं होती. तिने एकदा काचेतून त्यांच्याकडे बघितलं, मग पाटी पुढे ओढली आणि ‘धोका’ दाबलं.

दस्तगीरने तोंड फिरवलं.

“अपील करता येतं,” शलाका म्हणाली. “मी स्वतः लिहून देते. चाळीस दिवस लागतात. मंजूर होईलच असं नाही.”

“आणि नाही झालं तर सहा महिने.” माणिकताई उठल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “सहा महिन्यांत बाळ बसायला लागतं. बरं, मी राहते. पण ते टोपडं तरी कुणाबरोबर पाठवता येईल का?”

“ते पुरावा म्हणून जमा झालंय.”

“अगं बाई,” माणिकताई एवढंच म्हणाल्या, आणि फोनवर लेकीचा नंबर शोधू लागल्या. लेकीशी त्या काय बोलल्या ते ऐकायला लागू नये, म्हणून शलाका पडद्याकडे वळली.

पडदा आता वेगळा दिसत होता. यंत्राने नवा धडा घ्यायला जेमतेम अकरा मिनिटं घेतली होती. दोन वर्षं निर्धोक मानलेला वर्ग एका फटक्यात धोक्याचा ठरल्यावर त्याने आपल्या परीने कारण शोधलं होतं. फूल, खण, खांब या गोष्टी दर वेळी वेगळ्या होत्या. अकराशे नोंदींत दर वेळी सारखं असं एकच होतं. माणसाने हातातलं खाली ठेवलं होतं आणि मनापासून हात जोडले होते.

आणि निरोप-दालनात दुसरं होतं काय? नमस्कार करायचा तर हातातलं आधी खाली ठेवावंच लागतं. भोंग्यामुळे मुलीचं विमान लांबलं होतं, आणि सकाळची सतरा माणसं परत येऊन उभी होती. मुलगी बॅग बाजूला ठेवून एकेकाच्या पाया पडत होती, आणि तिच्याभोवती लाल ठिपके फुटत होते. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ पिशवी टेकवून व्याह्यांना हात जोडत होते. तिथेही लाल. ज्यांनी नुसते खांदे थोपटले, हात हलवले, फोनमध्ये बघत ‘चल, बाय’ म्हटलं, ते सगळे हिरवे. वीरेश आकडा मोजत होता. साठ झाले, सत्तर झाले, मग त्याने मोजणं सोडलं. पाट्या वाजू लागल्या आणि पहारेकरी चहूकडे धावू लागले.

माणिकताईंचा फोन संपला होता. त्यांनी डोळे पुसले, आपली बॅग उचलली आणि दालनातून बाहेरच्या दाराकडे चालू लागल्या. दारापाशी त्या थांबल्या आणि मागे वळल्या. काचेपलीकडे उभ्या असलेल्या शलाकाकडे त्यांनी बघितलं. राग असेल तर चेहऱ्यावर दिसत नव्हता. बालवाडीतली तीस वर्षांची सवय असेल, किंवा खरोखरच निरोप घ्यायचा असेल. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि हात जोडले.

शलाकाच्या पाठीमागे पडद्यावर त्यांच्यावर लाल वर्तुळ उमटलं, बाकी सगळ्यांहून मोठं आणि गडद. शलाकाचे हात आपसूक वर आले होते. ते अर्ध्यातच थांबले.

दस्तगीर धापा टाकत खोलीच्या दारात आला. त्याच्या हातातली पाटी एकसारखी वाजत होती, आणि त्याच्यामागे त्या मुलीचे मामा, काकू, आत्या असे सगळे काय झालं म्हणून जमले होते.

“मॅडम,” तो म्हणाला, “ह्यास्नी आता काय सांगू? जाताना हात जोडू नका, आसं सांगू?”